पान एकशे बारा

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस टेबलावर तसंच ठेवशील. ठेव. अकरा वर्षं माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस, आणखी दोन दिवसांनी माझं काही बिघडत नाही. फाडून मात्र टाकू नकोस, कारण आत कामाचं आहे.

पत्राची सुरुवात प्रकृतीची चौकशी करून करावी, असं तुझ्या वहिनीने बजावलं आहे. तर, प्रकृती कशी आहे? माझे गुडघे कुरकुरतात, आवाज मात्र अजून चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. तू हल्ली औषधांच्या खोक्यात घालायची माहितीपत्रकं तपासतोस असं कळलं. आधी हसू आलं, मग आलं नाही. एक शून्य जास्त पडलं तर माणूस दगावेल, अशा जागी तुझ्यासारखाच बसवायला हवा.

आता काम. गुरुजींनी केलेलं शुभवर्तमानाचं भाषांतर चौतीस वर्षांनी पुन्हा छापायचं ठरलं आहे. नऊ जणांची समिती नेमली आहे आणि चिटणीस मी आहे. पहिल्याच बैठकीत आपल्या धर्मविद्यालयात ग्रीक शिकवणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. तुझी खुर्ची आता त्यांच्याकडे आहे. म्हणाल्या, वादळाच्या उताऱ्यात, होडीत शिष्य ओरडतात आणि झोपलेला प्रभू उठतो तिथे, एक ओळ जास्त आहे. 'आणि जो सगळ्यांत जास्त घाबरला होता, त्याचा हात त्याने आधी धरला.' ही ओळ एकाही जुन्या ग्रीक प्रतीत नाही, दुसऱ्या कुठल्या भाषांतरात नाही, फक्त आपल्याच पुस्तकात आहे. तू म्हणाला होतास तेच, अक्षरशः तेच. फक्त तू बोलताना नाक वर करायचास, त्या करत नाहीत.

कडी अजून आहे. वर्गाचं दार ठरल्या मिनिटाला लावून घेतो म्हणून आपणच त्याचं हे नाव ठेवलं होतं. आता तो सगळ्यांत ज्येष्ठ पाळक आहे आणि पाठीचा कणा अजून ताठ आहे. त्याने तेव्हाचंच उत्तर दिलं: "गुरुजींना एखादी जुनी पोथी सापडली असणार. त्यांच्या शब्दावर शंका घेणारे आपण कोण?"

म्हणून तुझं ते टिपण हवं आहे, ज्यात तू सगळ्या प्रती ओळीने लावून दाखवल्या होत्या. कार्यालयातलं सापडत नाही. त्या टिपणापायी तुला शिकवण्यावरून काढलं आणि त्या ठरावाला माझाही हात वर गेला होता, हे मी विसरलेलो नाही. पण तो विषय या पत्राचा नाही.

गुरुजींच्या हस्तलिखिताची पेटीही उघडून पाहिली. बाकी सगळी पानं आहेत. वादळाचं पान, एकशे बारा, तेवढं नाही. उंदीर, दुसरं काय.

तुझा
दादा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

टिपण मिळालं. सोबतची चिठ्ठीही मिळाली. अकरा वर्षांनी भावाला लिहायचं आणि लिहायचं काय, तर 'पान एकशे बारा उंदरांनी खाल्लं, मग एकशे अकरा आणि एकशे तेरा त्यांना आवडली नाहीत का?' आई तुला कावळा म्हणायची ते उगाच नाही. सदा का, का, का.

उत्तर पुढे देतो. आधी बैठकीचं ऐक.

दुसरी बैठक ग्रंथालयातल्या लांब टेबलाशी झाली. तुझं टिपण बाईंनी मोठ्याने वाचलं. मग कडी उठला, आणि खरं सांगतो, मला त्याचं बोलणं आवडलं. म्हणाला, "शास्त्र काय कागदात राहतं? ते मंडळीच्या तोंडात राहतं. चौतीस वर्षं माणसं ही ओळ म्हणत आली. शस्त्रक्रियेला जाताना म्हणाली, बुडणाऱ्या होडीत म्हणाली. मी स्वतः तीन कबरींवर ती कोरलेली पाहिली आहे. देवाने जी ओळ एवढी वापरली, ती देवाची नाही हे तुम्ही भिंग घेऊन ठरवणार?"

दोन-तीन माना हलल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "मी वडिलांना रोज औषध देते. डॉक्टरांवर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय चमचा भरत नाही. विश्वास आहे म्हणून वाचणं सोडायचं का, साहेब? आणि एक ओळ आपण झाकून ठेवली, तर उद्या लोक बाकीच्या ओळींकडेही त्याच नजरेने बघतील."

"म्हणजे गुरुजींनी लबाडी केली, असंच ना?" कडी कडाडला. टेबलावरचा पेला हलला.

"तसं मी म्हटलेलं नाही. कुणी केलं ते मला माहीत नाही."

बिशपसाहेब इतका वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, "ज्याने ही ओळ लिहिली तो माणूस समोर आला असता, तर सगळं एका मिनिटात मिटलं असतं."

मी लगेच उठून सगळ्यांसाठी चहा सांगायला गेलो. चहा मागच्या खोलीत तयारच होता, तरी गेलो. काय कळायचं ते कळून घे.

तुझा
दादा


७ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही दिलं नसतं. तू वाट बघतो आहेस.

आज लिहितो आणि एका दमात लिहितो, नाहीतर पुन्हा चहा सांगायला जाईन.

ती ओळ माझी आहे.

चोवीस वर्षांचा होतो. गुरुजींना दिसायचं कमी झालं होतं. ते सांगायचे, मी स्वच्छ अक्षरात उतरवायचो. एखादं वाक्य राहून गेलं तर मी ते समासात लिहायचो, त्यांना वाचून दाखवायचो आणि ते स्वतःच्या हाताने शेजारी लाल पेन्सिलीने एक टिंब द्यायचे. टिंब म्हणजे मंजूर, छापखान्याने आत घ्यायचं. टिंब नाही तर घ्यायचं नाही. एवढा साधा नियम.

एके दुपारी वादळाचा उतारा संपवून ते खुर्चीतच डुलकी घेऊ लागले. मी पानाकडे बघत बसलो. मला नदीवरची ती होडी आठवली. मी अकरा वर्षांचा, तू सात. वारा आला, होडी कलली, बाबा वल्ह्याशी झगडत होते आणि मी, मोठा भाऊ, भीतीने ओला झालो होतो. तेव्हा तू माझा हात धरलास. "दादा, का रे घाबरतोस?" म्हणालास. तिथेही का. त्या दुपारी मी समासात ती ओळ लिहिली, कुणाला दाखवण्यासाठी नाही. गुरुजी जागे झाले आणि आम्ही पुढचं पान घेतलं. टिंब द्यायचा प्रश्नच आला नाही.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाने टिंब पाहिलं नाही, अक्षर पाहिलं, आणि ओळ उचलून आत घातली. प्रुफं माझ्याकडेच आली. काळ्या शाईत, प्रभूच्या शब्दांशेजारी, माझं वाक्य! एक रेघ ओढली असती तर संपलं असतं. इतकं सुरेख दिसतंय तर राहू दे, असं वाटलं. ही काही श्रद्धा नव्हती रे, शुद्ध मिरवण्याची हौस होती. गुरुजी पुस्तक बांधून येण्याआधीच गेले. मग मी पेटीतून ते पान काढलं आणि घरी आणलं.

उंदीर मीच.

अकरा वर्षांपूर्वी तू भर बैठकीत म्हणालास, "पान एकशे बारा आणा, टिंब आहे की नाही ते बघू." गुरुजी आपल्या घरी जेवायला यायचे तेव्हा त्या लाल टिंबाचा किस्सा रंगवून सांगायचे, तो तुझ्याच लक्षात राहिला होता. ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. मी उठून म्हणालो, उंदरांनी खाल्लं. मग कडीने गुरुजींच्या अपमानाचा ठराव मांडला, आणि मी हात वर केला. तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणखी एक आहे. आई गेली त्या आठवड्यात तू आला होतास. आपण बोललो नाही. तिने तुला वादळाचा उतारा वाचायला सांगितला. मी दाराबाहेर उभा होतो. ज्या ओळीपायी तुझी नोकरी, तुझं गाव, तुझा भाऊ गेला, ती ओळ तू गाळशील असं मला वाटलं होतं. तू ती वाचलीस. अगदी सावकाश वाचलीस, कारण आई घाबरली होती. तेव्हाही मी आत आलो नाही.

ते पान माझ्या कपाटात, हिवाळ्याच्या कोटाखाली आहे. अठरा तारखेला शेवटची बैठक आहे. मी ते घेऊन जाणार आहे. हे तुला आधी लिहितो, म्हणजे ऐन वेळी माझा पाय मागे वळला, तर मी कोण आहे हे निदान एका माणसाला ठाऊक असेल.

दादा


१८ मार्च

धाकट्या! धाकट्या!

दुपारचे तीन वाजले आहेत, ग्रंथालय नुकतंच रिकामं झालं आहे आणि मी त्याच लांब टेबलाशी बसून लिहितो आहे. घाई आहे, ती आनंदाची. अक्षर लागलं नाही तर शिव्या दे, पण वाच.

सकाळी पाय मागे वळला, हे कबूल करतो. कोटाची बटणं तीनदा लावून तीनदा काढली. तुझ्या वहिनीला मी रविवारी सगळं सांगितलं होतं. दोन दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलली. आज तिने ते पान एका जुन्या फाइलीत घातलं, माझ्या काखेत दिलं, दार उघडलं आणि म्हणाली, "चला, निघा. आणि चहा पिऊन निघा, म्हणजे तिथे सांगायला जावं लागणार नाही."

बैठकीत कडी बोलत होता. ओळ जशीच्या तशी ठेवावी, असा त्याचा प्रस्ताव होता, आणि त्याच्या बाजूने पाच जण आहेत हे मला दिसत होतं. बाईंचा चेहरा उतरला होता. मी उभा राहिलो. चिटणीस उभा राहतो तो वेळ संपली हे सांगायला, म्हणून कुणी लक्षच दिलं नाही.

मी म्हणालो, "गेल्या बैठकीत बिशपसाहेबांनी ज्याला बोलावलं होतं, तो माणूस आला आहे." सगळे दाराकडे बघायला लागले. मग मी पान टेबलावर ठेवलं.

सगळं सांगितलं. होडी, डुलकी, प्रुफं, उंदीर, वर केलेला हात. एकही गोष्ट गुळमुळीत ठेवली नाही. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो म्हणालो ना, आज तो माझ्या स्वतःच्याच कानात पहिल्यांदा गेला.

कुणीतरी विचारलं, बहुधा नदीपलीकडच्या मंडळीचा पाळक असावा, "मग आम्ही लोकांना काय सांगायचं? एका ओळीचं असं झालं, तर बाकीच्या कशावरून झालं नसेल?"

हा प्रश्न मला चौतीस वर्षं टोचत होता, धाकट्या, आणि त्याचं उत्तर त्या क्षणी, उभ्या उभ्या सुचलं. मी म्हणालो, "शास्त्रात भर कशी पडते ते विचारता ना? बघा, अशी पडते. भरदुपारी, पेन्सिलीने, प्रेमाने, आणि मग कुणीतरी गप्प बसतं. पण ती पकडली कशी जाते तेही बघा. मी ओळ लपवली, पान लपवलं, पकडणाऱ्याला घालवून दिलं. तरी जगभरातल्या जुन्या प्रती माझ्याविरुद्ध साक्ष देत उभ्याच राहिल्या. ज्यांची एकमेकांशी ओळख नाही, अशा शेकडो नक्कलकारांना मी फितवू शकलो नाही. आधी माझ्या भावाने विचारलं, मग या बाईंनी विचारलं. माझी ओळ पकडली गेली ना? मग जे अशा चाळणीतून पार होऊन उरलं आहे, त्यावर मी आज कालच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. ज्या माणसाला आपण अश्रद्ध म्हणून काढलं, तोच शास्त्रावर एवढा विश्वास ठेवत होता की त्याने ते तपासायला भीती बाळगली नाही. भ्यालो होतो ते आपण."

बाईंनी टिपणाच्या कागदांवर हात ठेवला होता.

कडी उठला. मला वाटलं, आता टेबल उलथतो. तो माझ्या बाजूला आला, चष्मा कपाळावर चढवला आणि पान डोळ्यांशी नेलं. या पानावर समासातल्या चार ओळी आहेत. त्याने प्रत्येकीवर बोट ठेवलं. "टिंब. टिंब. इथेही टिंब." माझ्या ओळीपाशी बोट थांबलं. तिथे काही नव्हतं. पुन्हा पुन्हा बघितलं त्याने.

"म्हणजे गुरुजींनी हे घातलं नव्हतं," तो म्हणाला.

"नाही साहेब. त्यांना ठाऊकच नव्हतं."

"मी त्यांच्या अब्रूसाठी भांडत होतो. रात्रंदिवस मनात एकच धाकधूक, की माझ्या गुरूने खरंच काही केलं असलं तर?" त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्या कणखर माणसाच्या! "आणि ते तर स्वच्छ होते. आणि मी त्यापायी एका चांगल्या शिक्षकाला घालवला."

मग तो ताठ झाला आणि वर्गात हजेरी घ्यायचा त्या आवाजात म्हणाला, "माझा प्रस्ताव मी मागे घेतो. नवा मांडतो. ओळ मजकुरातून काढावी आणि तळटीपेत खरी हकीकत छापावी. अकरा वर्षांपूर्वीचा ठराव रद्द करावा, आणि त्या शिक्षकाची माफी मागणारं पत्र जावं. पहिली सही माझी."

नऊच्या नऊ हात वर! मीही केला. बाईंनी दोन्ही केले, चिटणीस म्हणून मी एकच मोजला.

आता माझं. बिशपसाहेब म्हणाले, "ग्रंथालयाच्या किल्ल्या द्या." दिल्या. त्या बाईंकडे गेल्या आणि तिथेच शोभतात. वर तीन महिने मी प्रवचन करायचं नाही. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्यांची ऐकायची. हस, पोटभर हस. मला यापेक्षा मोठी शिक्षा त्यांना सुचली नसती. तरी खरं सांगू? किल्ल्या द्यायला उठलो तेव्हा गुडघे कुरकुरले नाहीत.

माफीचं पत्र सोबत आहे. खाली नऊ सह्या आहेत. माझी शेवटची आहे, पण ती चिटणिसाची नाही. तुझी माफी मी वेगळी मागतो, शिक्का न मारता. मी तुझं आयुष्य घेतलं आणि ते एका वाक्याच्या हौसेपायी घेतलं. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

दादा


९ एप्रिल

धाकट्या,

तळटीपेचं प्रुफ तुझ्याकडेच पाठवावं हा कडीचा हट्ट होता. "चूक राहिली तर त्याच्याच हातून राहू दे," म्हणाला. हा त्याचा विनोद आहे असं समज, त्याने आयुष्यात केलेला बहुधा पहिलाच.

मी लिहिलेली टीप अशी होती: 'काही छापील प्रतींत येथे एक ओळ अधिक आढळते. ती मूळ ग्रंथात नाही. हस्तलिखित उतरवणाऱ्याने ती लहानपणीच्या आठवणीतून समासात लिहिली, आणि ती चुकून छापली गेल्यावर तो गप्प राहिला. ज्या शिक्षकाने ही चूक प्रथम दाखवली त्याला अन्यायाने दूर करण्यात आले. तो ठराव मंडळीने रद्द केला आहे.'

आज तुझं प्रुफ परत आलं. 'काही' खोडून 'सर्व' केलंस. बरोबर आहे, सगळ्याच प्रतींत आहे. एक स्वल्पविराम हलवलास. आणि समासात, पेन्सिलीने, तुझ्या मुंगीसारख्या अक्षरात: 'दादा, आठवणही तपासून घे. रडत मी होतो. हात तू धरलास. शनिवारच्या गाडीने येतो.'

खोटं! साफ खोटं! होडीत घाबरलो होतो तो मी. माझी चड्डी ओली झाली होती, ते विसरीन मी? मी घरभर ओरडत फिरलो. तुझ्या वहिनीने कागद हातातून काढून घेतला, दोनदा वाचला, आणि हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, "दोन साक्षीदार. होडी तीच, वारा तोच, आणि हात कुणी धरला यावर एकमत नाही. पण हात धरला होता आणि होडी बुडाली नाही, एवढं तरी दोघांना मान्य आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मग घ्या की पोळीसारखं वाटून," म्हणाली, आणि तुझी खोली झाडायला गेली.

छापखान्यात स्वतः जाऊन सांगून आलो, समासातली पेन्सिल आत घ्यायची नाही. हे पान मात्र मी ठेवून घेतलं आहे. घाबरू नकोस, बाईंच्या वहीत रीतसर नोंद करून, खाली सही करून.

रविवारी वादळाचा उतारा आहे आणि तो तू वाचायचा आहेस, बिशपसाहेबांचा तसा निरोप आहे. ती ओळ आता तिथे नाही. वाचताना त्या जागी तू क्षणभर थांबशील की नाही, ते तुझं तू ठरव. मी शेवटच्या बाकावर असेन. शिक्षाच आहे.

शनिवारी स्टेशनवर येतो. केस पांढरे झालेत आणि पोट सुटलंय, तेव्हा गर्दीत तू मला चटकन ओळखायचा नाहीस. मी हात वर करून उभा राहीन. या वेळी तुझ्याकडे बघत.

दादा